दप्तराचा शब्द आणि बातमीचा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांची आकडेवारी दर काही महिन्यांनी प्रसिद्ध होते. बातमीची धाटणी ठरलेली असते: इतक्या आत्महत्या झाल्या, त्यांपैकी इतक्या पात्र, इतक्या अपात्र आणि उरलेल्या चौकशीसाठी प्रलंबित. या बातमीतला एकही आकडा चुकीचा नसतो, तिच्यात कोणावर टीका नसते की कोणाचे कौतुक नसते, आणि त्यामुळे ती लिहिणाऱ्या वार्ताहराला व छापणाऱ्या उपसंपादकाला ती निःपक्षपाती वाटत असणार. मी तीस वर्षे महसूल खात्यात आधी तलाठी आणि पुढे अव्वल कारकून म्हणून नोकरी केली. हे शब्द माझ्या हातून शेकडो वेळा लिहिले गेले आहेत. त्या अनुभवाच्या आधारावर मी म्हणतो की ही बातमी निःपक्षपाती नाही. तिने शासकीय दप्तराची बाजू घेतलेली आहे, आणि दप्तराची भाषा रोज कानावर पडून इतकी सवयीची झाली आहे की तीही एक बाजू असते, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

‘अपात्र’ हा शब्द कुठून आला ते आधी सांगतो. डिसेंबर २००५ मधील शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातले ३० हजार रुपये लगेच हाती येतात आणि ७० हजार रुपये ठेवीत ठेवले जातात. त्यासाठी तीन कारणे पाहिली जातात: नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज फेडता न येणे, आणि त्या कर्जाच्या परतफेडीचा तगादा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती सातबारा, थकबाकीचे पत्र, पोलिसांचा पंचनामा आणि तहसीलदारांचा अहवाल समोर ठेवून निर्णय घेते. कागद निकषांशी जुळले की प्रकरण पात्र ठरते, जुळले नाहीत की अपात्र. परवाना नसलेल्या सावकाराकडून उचललेल्या पैशांचा कागद नसतो. बटाईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. असे कितीतरी मृत्यू या चाळणीतून खाली पडतात, कारण चाळणी कागदांची आहे.

म्हणजे पात्र किंवा अपात्र ठरते ते मदतीचे प्रकरण. आमच्या दप्तरात ‘प्रकरण’ हा शब्द न चुकता लिहिलेला असे. ‘सदर प्रकरण अपात्र ठरविण्यात येत आहे’ हे वाक्य रूक्ष असले तरी आपल्या जागी बिनचूक आहे. बातमीत येताना मात्र जागा वाचवण्यासाठी ‘प्रकरण’ गळते आणि मथळ्यात ‘अपात्र आत्महत्या’ एवढेच शिल्लक राहते. वाचणाऱ्याचा समज असा होतो की ती माणसे शेतकरी नव्हतीच, किंवा त्यांच्या मरणाचा शेतीशी संबंध नव्हता, दारू असेल, घरातले भांडण असेल. समितीने असे काही म्हटलेले नसते. वर्तमानपत्रानेही ते म्हटलेले नसते. एक शब्द गाळल्यामुळे ते आपोआप म्हटले जाते.

मी नोकरीत असताना एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्याला जाऊन चार-पाच महिने झाले होते. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते, घडी घालून घालून मधोमध फाटायला आलेले. त्यात तालुक्यातल्या गावांची यादी होती आणि त्यांच्या गावापुढे तो शब्द होता. मदत का नाकारली, हे विचारायला त्या आल्या असतील असे मला वाटले. त्यांनी मात्र विचारले, ‘साहेब, ह्यात लिवलंय त्याचा अर्थ काय? माझा मालक शेतकरी नव्हता का?’ मी त्यांना निकष सांगितले, कागद सांगितले, अपिलाची वाट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि कात्रण परत पिशवीत ठेवले. आमच्या कार्यालयाचे पत्र त्यांना आधीच मिळालेले होते. त्या पत्राविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत, कारण ते पत्र त्यांनी एकटीने वाचले होते. वर्तमानपत्र साऱ्या गावाने वाचले होते.

यावर उपाय अवघड नाही. ‘समितीने इतक्या प्रकरणांत मदत नाकारली’ असे लिहिले की कर्ता दिसतो, कृती दिसते आणि निर्णयाचे कारण विचारण्याची जागा राहते. ‘इतक्या आत्महत्या अपात्र ठरल्या’ या वाक्यात मदत कोणीच नाकारलेली नसते. ते जणू आपोआप ठरलेले असते. मराठीत कर्ता लपवण्याची सोय मुबलक आहे आणि शासकीय टिपण्यांनी ती पुरेपूर वापरली आहे. बातमीने तरी ती वापरू नये.

आता दुसरा शब्द. ‘दुष्काळसदृश’ हा शब्द कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडी मी आजवर ऐकलेला नाही. गावात दुष्काळ असतो किंवा नसतो. हा शब्द जन्माला आला तो शासकीय आदेशात, आणि त्यामागे जुना इतिहास आहे. महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा केला आणि राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. टंचाईची चिन्हे दिसू लागताच सरकार उपाय योजते, त्यामुळे आता तशी स्थिती उद्भवण्यास वावच उरलेला नाही, अशा आशयाचे कारण त्या कायद्याच्या प्रास्ताविकात दिलेले आहे. इंग्रजीत ‘फॅमिन’ आणि ‘ड्रॉट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. अन्नावाचून माणसे मरतात ती स्थिती वेगळी आणि पाऊस पडत नाही ती स्थिती वेगळी. मराठी माणूस मात्र दोन्हीला दुष्काळच म्हणत आला. त्यामुळे कायद्यातून एक शब्द गेला तरी लोकांच्या तोंडातून तो जाण्याचे कारण नव्हते. कायदा होऊन दहा वर्षेही झाली नव्हती तोच १९७२ साल उजाडले. तेव्हाच्या कितीतरी फायलींवर ‘टंचाई’ लिहिलेले आहे. ज्यांनी त्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि मदतीची सुकडी खाल्ली, त्यांच्यापैकी कोणीही त्याला बहात्तरची टंचाई म्हणत नाही.

मधल्या काळात दुष्काळाची मोजणी पैसेवारीवर, म्हणजे नेहमीचे पीक रुपयाचे धरले तर यंदाचे किती पैशांचे आले या अंदाजावर, चाले. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी निघे, आणि ती ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या यादीत बसे. पीक कापणी प्रयोगाच्या वेळी ठरवून दिलेल्या तुकड्यातली कणसे सोंगून, मळून, वजन करून आम्ही आकडे भरत असू. प्लॉट बांधाजवळच्या बऱ्या पट्ट्यात पडला की बांधावर उभा असलेला शेतकरी काही बोलत नसे, नुसता पाहत राही. त्या तुकड्यावर अख्ख्या गावाचा शब्द ठरणार आहे, हे त्याला ठाऊक असे. सांगायचे इतकेच की हे शब्द निसर्गाने लावलेले नसतात. माणसे, तराजू आणि तक्ते यांच्यातून ते निघतात, आणि त्यात घासाघीसही होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण एप्रिल २०१६ चे आहे. मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. शहराला प्यायला पाणी रेल्वेने आणावे लागत होते आणि तरीही शासकीय कागदावर परिस्थिती ‘दुष्काळसदृश’च होती. मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न आला, तेव्हा मे महिन्यात सरकारने २९ हजारांहून अधिक गावांबाबत ‘दुष्काळसदृश’ ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, हे मान्य केले. त्या दिवशी गावांत काही वेगळे घडले नव्हते. विहिरी आदल्या दिवशीइतक्याच कोरड्या होत्या. बदलला तो फक्त शब्द. तोवर कित्येक महिने वर्तमानपत्रे तोच ‘सदृश’ आपल्या बातम्यांत, कोणाचे म्हणणे म्हणून न देता, स्वतःच्या निवेदनात वापरत होती. ज्या शब्दांवरून सरकार आणि याचिकाकर्ते न्यायालयात भांडत होते, त्यांपैकी सरकारचा शब्द बातमीने स्वतःचा म्हणून घेतला होता. याला तटस्थता म्हणता येणार नाही, मग हेतू कितीही स्वच्छ असो.

पुढेही हेच घडत राहिले. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती जाहीर झाली आणि ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, ११२ तालुक्यांत गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम. २०२३ मध्ये ४० तालुक्यांना ‘दुष्काळ’ मिळाला आणि उरलेल्या तालुक्यांतील हजारावर महसूल मंडळांना, म्हणजे गावांच्या गटांना, ‘दुष्काळसदृश’. बांधाच्या अलीकडे एक शब्द आणि पलीकडे दुसरा. सरकारला अशी विभागणी करावी लागते, हे मला मान्य आहे. पर्जन्यमान, पेरणी, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष आहेत आणि कुठेतरी रेघ ओढावीच लागते. माझी तक्रार रेघेबद्दल नाही. ‘या मंडळात दुष्काळसदृश परिस्थिती आहे’ आणि ‘या मंडळात शासनाने दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली आहे’ ही दोन वाक्ये आपल्या बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरली जातात, याबद्दल माझी तक्रार आहे. पहिल्या वाक्यात वार्ताहर साक्ष देतो. दुसऱ्या वाक्यात तो दुसऱ्याची साक्ष सांगतो. तो स्वतः त्या मंडळात जाऊन आला नसेल, तर त्याला दुसरेच वाक्य लिहिण्याचा अधिकार आहे. जाऊन आला असेल, तर त्याने सरळ लिहावे की पाझर तलाव कोरडा आहे, टँकर चार दिवसांनी येतो आणि चाऱ्याची पेंढी कितीला मिळते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पुराचे पाणी आले, त्या वेळी हाच वाद उलट बाजूने उभा राहिला. शेतकऱ्यांनी आणि विरोधी पक्षांनी ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी केली. महिनाअखेरीस मुख्यमंत्र्यांनी सांगितले की नियमावलीत अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळात ज्या सवलती देतात त्या सर्व दिल्या जातील. त्या दिवसांतल्या बातम्या मी मुद्दाम काढून पाहिल्या. काही मथळ्यांत हा शब्द अवतरणचिन्हांत होता, काहींत उघडा. उघडा शब्द छापला की मागणी करणाऱ्यांचे म्हणणे वर्तमानपत्राने मान्य केल्यासारखे होते. अवतरणचिन्हांत छापला की तो शब्दच संशयास्पद असल्याची छटा येते, आणि ‘दुष्काळसदृश’ भोवती मात्र अशी चिन्हे मी कधी पाहिलेली नाहीत. लोकांच्या शब्दाला चिन्हे आणि सरकारच्या शब्दाला मोकळीक, हा भेद कोणी ठरवून केला असेल असे मला वाटत नाही. पण तो आहे आणि वाचकाच्या मनावर तो काम करतो. माझ्या मते दोन्ही शब्द कोणाच्या तरी तोंडी घालूनच छापावेत. चिन्हे द्यायची तर दोघांनाही द्यावीत.

‘अतिवृष्टी’चेही तसेच आहे. ऐकताना हा साधा मराठी शब्द वाटतो. प्रत्यक्षात तो महसुली शब्द आहे. मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक नोंद झाली तरच अतिवृष्टी. एका मंडळात दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक गावे असू शकतात आणि मापक एका ठिकाणी असतो. ढग पलीकडच्या शिवारावर फुटला तर मापकाला त्याचा पत्ता नसतो. ‘तालुक्यात कुठेही अतिवृष्टी नाही’ ही ओळ छापून येते, तेव्हा जिच्या सोयाबीनच्या गंजीखालून पाणी वाहून गेले तिला आपले वर्तमानपत्र खोटे वाटते. ‘पर्जन्यमापकांवर अतिवृष्टीची नोंद नाही’ असे लिहिले तर तेच वर्तमानपत्र तिला खरे वाटेल. फरक दोन शब्दांचा आहे.

‘बाधित’ म्हणजे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेला. २०१५ पर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती. तीस टक्के पीक गेलेला शेतकरी या भाषेत बाधित नसतो. आणि ज्या शब्दाने सर्वांत जास्त गैरसमज होतो तो ‘नुकसानभरपाई’. आपत्ती निवारण निधीतून कोरडवाहू जमिनीला हेक्टरी ८,५०० रुपये आणि तेही दोन हेक्टरपर्यंत, हा जो दर आहे त्याला शासन स्वतः ‘निविष्ठा अनुदान’ म्हणते, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खताला हातभार. एकरी हिशेब केला तर ते ३,४०० रुपयांच्या आसपास येते. राज्याने कधी दर किंवा मर्यादा वाढवली तरी त्याचे स्वरूप तेच राहते. झालेले नुकसान भरून देण्याचा दावा शासनही करत नाही. बातमी मात्र त्याला ‘भरपाई’ म्हणते आणि शहरातल्या वाचकाला वाटते की शेतकऱ्याचे नुकसान भरून निघाले, आता ओरड कशाची? येथे दप्तराचा शब्द अधिक प्रामाणिक आहे आणि बातमीचा शब्द अधिक उदार. दप्तराचा शब्द नेहमी टाळावा असे मी म्हणत नाही, हे यावरून लक्षात यावे. तो शब्द काय मोजतो हे पाहून मग घ्यावा, एवढेच म्हणणे आहे.

दुसऱ्या बाजूचे शब्दही मला तितकेच खटकतात. ‘सरकारी अनास्थेचा आणखी एक बळी’, ‘बळीराजाने मृत्यूला कवटाळले’, ‘जगाच्या पोशिंद्याची जीवनयात्रा संपली’ अशा धाटणीची वाक्ये बातमीत येतात तेव्हा लिहिणाऱ्याचा जीव कळवळलेला असतो, हे मला कळते. पण घटनेला चोवीस तास झालेले नसताना, पंचनामा व्हायचा असताना, कारण त्याला कसे समजले? शिवाय मृत्यूला ‘कवटाळणे’ हा शब्दप्रयोग त्याच कर्जात, त्याच नापिकीत सापडलेल्या दुसऱ्या माणसाने वाचायचा असतो. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आत्महत्येला भडक रूप देऊ नये, ती अडचणीतून सुटण्याचा मार्ग वाटेल असे लिहू नये, हे त्यांत स्पष्ट आहे. कळवळ्याच्या भरात नेमके तेच होते. त्या शेतकऱ्यावर कोणत्या बँकेचे किती कर्ज होते, गेल्या तीन हंगामांत त्याच्या शिवारात काय पिकले, पीक विम्याचे काय झाले, ही माहिती शोधून दिली तर ती कोणत्याही विशेषणापेक्षा सरकारला अधिक अडचणीची ठरेल आणि कुटुंबाला अधिक उपयोगाची.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट घाईने सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर अशी वेगळी नोंद सुरू केली. २०२२ मध्ये देशात ५,२०७ शेतकऱ्यांच्या आणि ६,०८३ शेतमजुरांच्या आत्महत्यांची नोंद झाली. एका बातमीत ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून पाच हजारांचा आकडा येतो आणि दुसरीत अकरा हजारांचा, आणि दोन्ही बरोबर असतात. ‘शेतकरी’ या शब्दात मजूर धरला आहे की नाही हे सांगितले नाही, तर ज्याला जो आकडा सोयीचा तो घेऊन तो भाषण करतो.

मराठी वर्तमानपत्रांना हे काम नवीन नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून फॅमिन कोडमधल्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या दुष्काळ संहितेतल्या, तरतुदी सोप्या मराठीत शेतकऱ्यांपुढे मांडल्या. सारा माफीचा किंवा तहकुबीचा हक्क कोणाला आहे, ते लोकांना कळावे म्हणून सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव गेले. त्या संहितेची भाषा ‘केसरी’ने आपली करून घेतली नाही. त्या भाषेत काय लिहिले आहे, ते उलगडून लोकांच्या हाती दिले. आजही ‘ट्रिगर’, ‘निकष’, ‘मंडळ’, ‘सदृश’ या शब्दांआड काय आहे हे सांगणारा दुसरा कोणी गावात येत नाही. तलाठ्याकडे सहा-सहा गावे असतात, त्याला वेळ नसतो. जे काही कळते ते आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावरून.

म्हणून माझी विनंती अगदी मर्यादित आहे. वर्षाची एकत्रित आकडेवारी आपण लवकरच छापाल. त्या तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यावर ‘अपात्र’ असे शीर्षक असते. ते काढून त्या जागी ‘समितीने मदत नाकारली’ असे छापावे. जागा अपुरी पडत असेल तर अक्षर लहान करावे. तक्त्याखाली एका ओळीत मदत नाकारण्याची कारणे आणि फेरविचारासाठी अर्ज कोणाकडे करावा हे द्यावे. तालुक्याच्या वार्ताहराला ती कारणे तहसील कार्यालयात विचारून मिळतील. ती माहिती दडवण्यासारखी नसते. आम्हाला कोणी विचारत नव्हते, म्हणून आम्ही सांगत नव्हतो.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त महसूल कर्मचारी,
जि. बीड